आधी कर्ज, मग वाटणी

मयताच्या मागे राहिलेल्या तरक्याची वाटणी कोणत्या क्रमाने करायची, हे आपल्याकडे साध्या घरातल्या माणसालाही ठाऊक असते. आधी कफन-दफनाचा खर्च. मग मयताच्या डोक्यावरचे कर्ज. त्यानंतर एक तृतीयांशाच्या आत असलेली वसीयत. हे सगळे चुकते करून जे उरेल, त्यात वारसांचे हिस्से. वडिलांची जमीन हवी पण वडिलांचे देणे नको, असे म्हणणाऱ्या मुलाला मोहल्ल्यात कोणी शहाणा म्हणत नाही.

वारस आणि वारसा हे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने, मराठीत आले. आता ते इतके मराठी झाले आहेत की पूर्वजांनी मागे ठेवलेल्या किल्ल्यांना, वेशींना, ग्रंथांना आणि आठवणींना आपण सगळेच 'वारसा' म्हणतो. हल्ली हा शब्द सभांमधून, मिरवणुकांमधून, फलकांवरून सतत कानावर पडतो. आमचा वारसा, आमची वेस, आमचा किल्ला, आमचा राजा. हिस्सा मागणारे पुष्कळ झाले आहेत. पण या वारशावर काही कर्ज आहे का, असेल तर ते कोणी फेडायचे, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. इतिहास शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना आज हाच प्रश्न सर्वांत निकडीचा वाटतो. तो पुरातत्त्व खात्याचा किंवा विद्यापीठाचा प्रश्न नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि आपल्या वऱ्हाडात तो रस्त्यावर येऊन उभा राहिला आहे.

एप्रिल 2022 मध्ये अचलपूरच्या दुल्हा गेटवर झेंडा लावण्या-काढण्यावरून दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, अचलपूर आणि परतवाड्यात संचारबंदी लागली. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 2021 मध्ये, अमरावतीत दुकाने फुटली होती. मे 2023 मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हे इथले काम नाही. पण अचलपूरच्या प्रसंगातली एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करते. ज्या वेशीसाठी माणसे एकमेकांवर धावून गेली, ती वेस कोणी बांधली, कशासाठी बांधली, तिला हे नाव कसे पडले, हे त्या जमावातल्या किती जणांना सांगता आले असते? वेशीवर झेंडा लावण्याचा हक्क सर्वांना हवा होता. वेस वाचण्याची जबाबदारी कोणाकडे नव्हती.

वेस वाचायची म्हणजे काय करायचे, हे अकोल्याच्या किल्ल्यावरून चांगले समजते. असदगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या किल्ल्याचा बराचसा भाग इंग्रजांनी 1870 च्या सुमारास पाडला. तरी त्यावरच्या लेखांच्या नोंदी जुन्या गॅझेटियरमध्ये आहेत. दहीहंडा वेशीवरचा लेख सांगतो की हे बांधकाम औरंगजेबाच्या कारकिर्दीत, वजीर असदखान यांच्या काळात झाले. साल येते 1697. ईदगाहवरच्या लेखात कुराणातल्या आयतींबरोबर ख्वाजा अब्दुल लतीफ यांनी हे काम 1698 मध्ये पुरे केल्याचे म्हटले आहे. फत्ते बुरुजावरच्या लेखात साल जवळपास तेच, पण बादशहाचे नाव शाह आलमचे. म्हणजे कुठेतरी गफलत आहे. आणि अगरवेशीवर मराठीत लिहिले आहे की हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी 1843 साली बांधला!

आता या चार लेखांचे काय करायचे? ज्याला केवळ हिस्सा हवा आहे, त्याचे काम सोपे आहे. एकाने दहीहंडा वेशीसमोर उभे राहून सांगावे की किल्ला आमचा. दुसऱ्याने अगरवेशीसमोर उभे राहून सांगावे की किल्ला आमचा. दोघांच्याही हातात दगडावर कोरलेला पुरावा आहे आणि दोघेही खोटे बोलत नाहीत. पण इतिहासकाराला चारही लेख एकत्र वाचावे लागतात. सतराव्या शतकाच्या शेवटी उभी असलेली गोष्ट 1843 मध्ये पहिल्यांदा बांधली जाणे शक्य नाही. मग गोविंद आप्पाजींनी काय केले? पडलेला भाग दुरुस्त केला असेल, वेस नव्याने उभारली असेल. जुन्या काळी डागडुजी करणाराही 'बांधला' असेच लिहून ठेवत असे. हा तर्क आहे, निकाल नाही. तो तर्क तपासायचा तर फारसी यावी लागते, मोडी आणि मराठी यावी लागते, हिजरी सालाचे इसवी साल करता यावे लागते, निजामाच्या काळात वऱ्हाडचा कारभार कसा चालत होता हे माहीत असावे लागते. एवढे सगळे केल्यावर जे हाती येते, ते दोन्ही गटांना थोडे निराश करणारे असते: औरंगजेबाच्या वजिराच्या काळात उभा राहिलेला, दीडशे वर्षांनी एका मराठी माणसाने सांभाळलेला आणि इंग्रजांनी पाडलेला हा किल्ला आहे. त्याचे दोन तुकडे करून वाटता येत नाहीत.

वारशावरचे पहिले कर्ज हे आहे. जे मागे राहिले ते पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर हक्क सांगू नये.

हे कर्ज फेडताना कधी कधी अगदी अनपेक्षित जागी उत्तर सापडते. अचलपूरचेच नाव घ्या. इंग्रजी अमदानीत आणि त्याआधी हे गाव एलिचपूर म्हणून कागदोपत्री होते. पुष्कळांना वाटते की 'अचलपूर' हे मूळचे आणि 'एलिचपूर' हे मुसलमानी राजवटीने बिघडवलेले नाव. दुसऱ्या बाजूला लोककथा सांगते की ईल नावाच्या राजाने हे गाव वसवले म्हणून ते एलिचपूर. पण गुजरातेतले जैन आचार्य हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात प्राकृत भाषेचे जे व्याकरण लिहिले, त्यात शब्दातली अक्षरे जागा बदलतात याचे उदाहरण म्हणून नेमके याच गावाचे नाव दिले आहे. 'अचलपूर' या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते आणि 'अलचपूर' होते, असे ते नोंदवतात. वऱ्हाडात सुलतानांचे सैन्य येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही नोंद आहे. म्हणजे 'एलिचपूर' हे ना कोणत्या बादशहाने लादलेले नाव आहे, ना बहुधा ईल राजाचे. ते आपल्याच साध्या लोकांच्या जिभेवर घडलेले नाव आहे. चिखलाला चिलख म्हणणारी मुले घरोघरी असतात, तसे एका गावाने स्वतःचे नाव उच्चारले आणि ते टिकले.

गेल्या काही वर्षांत शहरांच्या नावांवरून महाराष्ट्रात किती मने दुखावली, हे आपण पाहिले आहे. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावे बदलली. नाव बदलणे हा सरकारचा अधिकार असू शकतो. पण नावामागे काय आहे हे जाणण्यासाठी सरकारचा आदेश उपयोगी पडत नाही. तिथे हेमचंद्रांचे व्याकरण उघडावे लागते. जे व्याकरण 'निरुपयोगी' म्हणून कपाटात पडले आहे, तेच एका तंट्याची हवा काढून घेऊ शकते.

इथवर आपल्यापैकी अनेकांना हे पटेल, कारण यात आपल्यावरचा एक आरोप खोडला जातो. पण कर्ज फेडणे म्हणजे फक्त दुसऱ्याचा दावा खोडणे नव्हे. आपल्या स्वतःच्या आठवणीलाही तोच प्रश्न विचारावा लागतो, आणि ते जड जाते.

ज्यांच्यावरून दुल्हा हे नाव रूढ झाले, ते शाह दुल्हा रहमान गाझी यांचा दर्गा अचलपुरात आहे. सर्व धर्मांचे लोक तिथे भक्तीने येतात. त्यांची कथा वऱ्हाडातल्या प्रत्येक मुस्लिम घरात सांगितली जाते. हजरत हे महमूद गझनवीचे भाचे. ऐन लग्नाच्या वेळी पुकार ऐकून ते दुल्ह्याच्या वेषातच निघाले, इतक्या दूर अचलपूरला आले, ईल राजाशी लढले आणि शहीद झाले. कथेत साल सांगितले जाते इसवी सन 1001 च्या आसपासचे. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा उतरत नाही. उत्तरेकडून सुलतानी फौज दख्खनमध्ये उतरल्याची पक्की नोंद आहे ती 1296 ची, अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीची. तो एलिचपुरावरूनच पुढे गेला. त्याआधी तीनशे वर्षे गझनीची लढाई वऱ्हाडात झाल्याचा समकालीन पुरावा नाही.

आता पाहा, या न झालेल्या किंवा किमान सिद्ध न झालेल्या लढाईवर आज किती इमारती उभ्या आहेत. आपल्यातले काही जण तिच्यात पराक्रमाचा अभिमान शोधतात. समोरचे काही जण तिच्यातच आक्रमणाचा पुरावा शोधतात. अभिमान आणि राग दोन्ही एकाच कथेवर पोसले जातात. आणि ज्या ईल राजाशी ही लढाई झाली असे म्हणतात, तो जैनांच्या आठवणीत एक भाविक राजा म्हणून येतो. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा त्याच्याच नावाशी जोडलेली आहे. एकाच राजाला दोन समाजांनी दोन वेगळ्या कारणांसाठी आठवणीत ठेवले.

'मग तुम्ही दर्ग्यावरची श्रद्धा खोटी म्हणता काय?' असे कोणी विचारील. नाही. श्रद्धा आणि इतिहास यांची जात वेगळी आहे. नवस करायला आलेली बाई सनावळी विचारत नाही आणि तिला ती विचारायचीही नसते. दर्ग्याने कित्येक पिढ्यांना दिलेला दिलासा ही स्वतःच एक ऐतिहासिक गोष्ट आहे. ती पुराव्याने सिद्ध आहे, कारण माणसे आजही येतात. प्रश्न फक्त तेव्हा उभा राहतो, जेव्हा श्रद्धेच्या कथेचा उपयोग शेजाऱ्यावर वर्चस्व सांगण्यासाठी किंवा शेजाऱ्याकडून सूड मागण्यासाठी होतो. त्या क्षणी कथा अदालतीत साक्षीदार म्हणून उभी राहते, आणि साक्षीदाराला उलटतपासणी द्यावीच लागते. गझनीच्या लढाईचा अभिमान सोडला तर आपले काय जाते? दर्गा जात नाही, बुजुर्गांचा आदर जात नाही. जाते ती फक्त एक न घडलेली मर्दुमकी. आणि ती सोडल्यावरच आपल्याला समोरच्याला ठामपणे सांगता येते की तुमचा रागही त्याच न घडलेल्या गोष्टीवर उभा आहे.

हिस्से मागण्याच्या हट्टाने वारसाच कसा बंद पडतो, याचे उदाहरण त्याच शिरपूरला आहे. तिथल्या मंदिराच्या हक्कावरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथांत वाद झाला आणि मूर्तीचे दर्शन सुमारे 42 वर्षे बंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये मंदिर उघडले. दोन्ही बाजूंना मूर्तीबद्दल खरीच आस्था होती. तरी एक पिढी दर्शनावाचून गेली. हा दोष एका धर्माचा नाही, आणि परधर्मीयच यायला हवा असेही नाही.

वऱ्हाडच्या इतिहासात तर असे एकट्याच्या हिश्श्यात न मावणारे पुष्कळ आहे. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्लाह इमाद-उल-मुल्क याच्याबद्दल फरिश्ता लिहितो की तो विजयनगरच्या हिंदू घरातला, लहानपणी युद्धात पकडला गेलेला आणि मुसलमान म्हणून वाढलेला. 1490 मध्ये तो वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. नरनाळ्याच्या किल्ल्यावरचा महाकाली दरवाजा त्याच्याच वेळचा, 1487 चा; नाव महाकालीचे आणि कमानीवर सुंदर अरबी-फारसी लेख. गाविलगडच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेले आहे, जे विजयनगरच्या राजांच्या नाण्यांवरही दिसते. बालपणी सुटलेल्या मुलखाची ती खूण असेल का? नक्की सांगता येत नाही, पण प्रश्न मनात येतोच. एकजण म्हणेल, हा आमचाच होता, जबरदस्तीने बाटवलेला. दुसरा म्हणेल, हा आमचा सुलतान. फत्तेउल्लाहला मात्र दोन्ही आयुष्ये एकट्यानेच जगावी लागली. त्याला यातल्या एकाच खात्यावर लिहून टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मेलेल्या माणसावरही अन्याय करता येतो, कारण तो उलटून बोलू शकत नाही. त्याच्या बाजूने बोलणारा कोणी असावा, यासाठीच इतिहासाचा अभ्यास असतो.

हा अभ्यास कोण करणार, इथे आता येऊ. नबी मागे दिनार-दिरहम ठेवत नाहीत, इल्म ठेवतात. आणि आलिम हे त्यांचे वारस असतात, अशा अर्थाची हदीस आपण खुतब्यात अनेकदा ऐकतो. इल्माच्या तरक्यात जन्माने हिस्सा मिळत नाही, तो मिळवावा लागतो. हे तत्त्व दीनाच्या बाहेरही लागू आहे, आणि आपल्या भागात त्याची पाळणूक झाल्याचे दाखले आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे 1923 साली सुरू झालेल्या आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात, डॉ. हीरालाल जैन संस्कृत शिकवीत. त्यांनी कारंज्याच्या भांडारातल्या अपभ्रंश पोथ्या वाचून छापल्या. पुढे मूडबिद्रीच्या मठात शतकानुशतके बंद राहिलेला 'षट्खंडागम' आणि त्यावरची धवला टीका 1939 पासून जवळपास वीस वर्षांत सोळा खंडांत प्रकाशित केली. आणि ते काम सुरू झाले ते अमरावतीतून. एका जिल्ह्याच्या गावातल्या प्राध्यापकाने एका धर्माचा मूळ ग्रंथ जगाला मिळवून दिला.

ते तरी जन्माने जैन होते. पण सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले आणि फारसी साधनांतला मराठ्यांचा आणि दख्खनचा इतिहास त्यांनी मराठीत आणला. डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभावांच्या साहित्याचा अभ्यास केला, ज्या पंथाचे मोठे तीर्थ आपल्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आहे, आणि 1990 च्या पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पगडी हे फारसीचे वारस आणि पठाण हे महानुभावांचे वारस. कोणी त्यांना हिस्सा दिला नाही. त्यांनी कर्ज फेडले आणि हिस्सा आपोआप त्यांचा झाला.

आज ही वाट अरुंद होत चालली आहे. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांच्या वर्गात बहुधा तो विद्यार्थी येतो ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही, आणि त्यालाही स्पर्धा परीक्षेपुरता इतिहास हवा असतो. प्राध्यापक निवृत्त झाला की जागा तासिका तत्त्वावर चालते. देशातल्या अरबी-फारसी शिलालेखांचे काम पाहणारी पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा आपल्या शेजारी नागपुरात आहे, डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने तिचे काम सांभाळले. पण त्या कार्यालयात जाऊन शिकावे असे वाटणारा मुलगा अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या मोहल्ल्यातून निघतो का, हे आपण आपल्यालाच विचारावे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. मात्र फारसी आणि मोडी येणारी माणसे तयार झाली नाहीत, तर मराठीच्या मधल्या चारशे वर्षांचा कागद विद्यापीठालाही मुकाच राहील.

शाळेच्या पुस्तकांबद्दल आपल्या मनात नाराजी आहे आणि ती योग्य आहे. एनसीईआरटीने 2023 मध्ये बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांवरचे प्रकरण वगळले. 2025 च्या सातवीच्या नव्या पुस्तकात सुलतान आणि मुघल नाहीत, ते आठवीत आणले. मुले आपल्या देशाचा काही भाग न शिकता मोठी होणार, ही सर्वांचीच हानी आहे. पण 'आमचे मुघल काढले' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा थांबून विचारावे: ते आमचे कसे? वऱ्हाडातल्या मुसलमानांत पिंजारी आहेत, मोमीन आहेत, बागवान, अत्तार, कसाब, मण्यार आहेत. आपल्या आजे-पणज्यांनी तख्त पाहिले नाही. त्यांनी या काळ्या मातीतला कापूस पिंजला आणि विणला. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने आले, कापूस गठ्ठ्यांनी मँचेस्टरला गेला आणि घरोघरीचा चरखा, माग, पिंजण हळूहळू बंद पडले. लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर 1997 मध्ये एक ग्रंथच लिहिला. पण त्या पिंजाऱ्याचे घर कसे चालले, त्याची बायको कोणते गाणे म्हणत होती, 1899-1900 च्या दुष्काळात ते कुठे गेले, हे ना जुन्या पाठ्यपुस्तकात होते, ना नव्यात आहे. बादशहाला पुस्तकात जागा मिळावी म्हणून आपण भांडतो. आपल्या आजोबांना कधी जागा मिळाली नाही, याची मात्र आपल्याला खंत नाही. त्यांचेही आपल्यावर कर्ज आहे.

कोणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे विचार आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या या मुलखात, नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मुलांना दगडावरचे लेख वाचायला सांगणे ही चैन आहे. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. भुकेल्या माणसाला इतिहास सांगू नये. पण इतिहास न वाचण्याची किंमतही गरिबालाच द्यावी लागते. दंगलीत जळते ते हातगाडीवाल्याचे दुकान. संचारबंदीत बुडते ती रोजंदारी. आणखी एक रोखठोक गोष्ट पाहा. 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्यानंतर जुन्या वक्फांची माहिती केंद्रीय पोर्टलवर नोंदवण्याची वेळ आली. वापराने वक्फ मानण्याचा आधार पुढच्यासाठी गेला आणि कागदाचे महत्त्व वाढले. आपल्या मशिदींच्या, कब्रस्तानांच्या सनदा पेटीत फडक्यात बांधून ठेवलेल्या असतात. त्या बहुधा फारसीत किंवा मोडीत. आपण त्यांना अत्तर लावतो, चुंबतो, पण वाचू शकत नाही. ज्या समाजाने भाषा शिकणे सोडले, त्याला आपल्या कब्रस्तानाचा कागद वाचायलाही दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. मग ही विद्या चैनीची कशी?

तरीही केवळ उपयोगासाठी या विद्या टिकवा, असे म्हणणे अपुरे आहे. सनद वाचायला माणूस पैसे देऊन आणता येईल. पण आपल्या विरुद्ध जाणारा लेखही तितक्याच प्रामाणिकपणे वाचण्याची सवय पैशाने आणता येत नाही. अगरवेशीचा मराठी लेख मुस्लिम मुलाने वाचावा आणि दहीहंडा वेशीचा फारसी लेख हिंदू मुलीने वाचावा, आणि दोघांनी आपापसांत वाद घालून एक टिपण लिहावे. मानव्यविद्येचे काम म्हणतात ते याहून वेगळे नाही. आपल्याकडे साक्ष देताना स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या विरुद्ध जात असली तरी खरी साक्ष द्यावी, अशी शिकवण आहे. इतिहासाच्या अभ्यासाला याहून चांगला नियम कोणी दिलेला नाही.

म्हणून मोठ्या घोषणांपेक्षा काही लहान कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. ज्या घरात, मशिदीत, दर्ग्यात जुने कागद आहेत त्यांनी ते उघडून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि वाचणाऱ्याला दाखवावीत; मग त्यात आपल्या सोयीचे निघो वा गैरसोयीचे. मोहल्ल्यातल्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी तरी दरवर्षी फारसी, मोडी किंवा प्राकृत शिकणाऱ्या मुला-मुलीला द्यावी. पिंजारी, मोमीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ते साक्षीदार फार दिवस थांबणारे नाहीत. आणि दुल्हा गेटजवळ पुन्हा कधी तणाव झाला, तर आपल्या मुलांनी घोळक्यात जाण्याआधी त्या वेशीची माहिती काढावी, शेजारच्या आळीतल्या मुलांना ती सांगावी आणि त्यांची ऐकावी.

एवढे झाल्यावरही वाद राहतील. चार लेखांचे चार अर्थ लावणारे निघतील आणि निघावेतही. पण ते वाद वाचलेल्या माणसांचे असतील. तरक्याची वाटणी वारसांनी बसून, हिशेब समोर ठेवून करायची असते. आपला हिशेब अजून उघडलेलाही नाही.